प्लॅस्टिके, जैवविघटनशील

प्लॅस्टिके, जैवविघटनशील : जंतू, कवके (बुरशी व तत्सम जीव) इ. सूक्ष्मजीवांच्या क्रियेने ज्यांचे अखेर पाणी, कार्बन डाय-ऑक्साइड व जैव द्रव्य यांत रूपांतर होते, अशा प्लॅस्टिकांना जैवविघटनशील प्लॅस्टिके म्हणतात. हवेच्या अभावी हे विघटन झाल्यास मिथेन वायूही निर्माण होतो. प्लॅस्टिकाचे बारीक तुकडे होणे म्हणजे जैवविघटन नव्हे. त्यातील कार्बन सूक्ष्मजीवांना अन्न म्हणून वापरता आला पाहिजे.

या संज्ञेचा प्लॅस्टिकाच्या उगमाशी संबंध नाही. ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या एथेनॉलापासून पॉलिएथिलीन मोठ्या प्रमाणावर तयार करतात. ते वनस्पतिज असले, तरी खनिज तेलापासूनच्या पॉलिएथिलिनाइतकेच अविघटनशील असते. उलट, पॉलिब्युटिलीन ॲडिपेट टेरेफ्थॅलेट हे मुख्यत्वे खनिज तेलापासून मिळणारे प्लॅस्टिक योग्य परिस्थितीत कुजते. वनस्पतींच्या टाकाऊ भागांपासून बनविलेली आणि वापरानंतर कुजून पुन्हा मातीत जाणारी प्लॅस्टिके उगम व शेवट या दोन्ही कसोट्यांस उतरतात. म्हणून चक्रीय अर्थव्यवस्थेच्या (जीत एका प्रक्रियेतील अवशेष दुसऱ्या प्रक्रियेचा कच्चा माल होतो व टाकून देण्याजोगे फारसे उरत नाही अशा व्यवस्थेच्या) विचारात त्यांना महत्त्व आले आहे. हे चक्र पूर्ण होणे मात्र केवळ प्लॅस्टिकाच्या रासायनिक संघटनावर अवलंबून नसते. कच्चा माल खरोखरच टाकाऊ होता काय आणि वापरलेली वस्तू अखेर कोठे पडते, यांवरही ते अवलंबून असते.

इतिहास : पहिली प्लॅस्टिके वनस्पतींपासूनच तयार झाली. अलेक्झांडर पार्क्स यांनी १८६२ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात मांडलेले पार्कसिन व त्यानंतर अमेरिकेत प्रचारात आलेले सेल्युलॉइड ही दोन्ही सेल्युलोजाच्या नायट्रेटापासून बनविलेली होती. विसाव्या शतकात बेकेलाइट व पुढे खनिज तेलापासूनची प्लॅस्टिके स्वस्त झाल्याने वनस्पतिज प्लॅस्टिके मागे पडली.

फ्रेंच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मॉरिस लम्वान यांना १९२६ मध्ये बॅसिलस मेगॅटेरियम या जंतूच्या पेशींत पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट हे पॉलिएस्टर आढळले. नायलॉनाचे संशोधक वॉलेस कॅरोथर्स यांनी १९३२ च्या सुमारास लॅक्टिक अम्लापासून कमी रेणुभाराचे पॉलिएस्टर मिळविले. परंतु ते दमट हवेत टिकत नसल्याने निरुपयोगी ठरले. हाच दोष पुढे गुण ठरला व १९७० नंतर शरीरात आपोआप विरघळणारे शस्त्रक्रियेचे टाके घालण्यासाठी या गटातील बहुवारिके (अनेक लहान रेणू साखळीसारखे जोडले जाऊन झालेली संयुगे) वापरण्यात येऊ लागली.

तेलाच्या किंमती १९७३ नंतर भडकल्यावर ब्रिटनमधील इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीने जंतूंपासून मिळणारे पॉलिएस्टर ‘बायोपोल’ या नावाने विकसित केले. १९९० मध्ये जर्मनीत शँपूच्या बाटल्यांसाठी ते वापरण्यात आले. परंतु महाग पडल्याने त्याचा प्रसार झाला नाही. अमेरिकेतील कारगिल कंपनीने मक्याच्या स्टार्चपासून पॉलिलॅक्टिक अम्ल तयार करण्याचे संशोधन १९८९ मध्ये सुरू केले आणि नेब्रॅस्का राज्यातील ब्लेअर येथे वर्षाला सु. १,४०,००० टन क्षमतेचा कारखाना २००२ च्या सुमारास चालू झाला. इटलीमध्ये याच काळात स्टार्च व विघटनशील पॉलिएस्टर यांच्या मिश्रणापासून पिशव्यांची पातळ फिल्म तयार होऊ लागली. असे असूनही जगात दरवर्षी तयार होणाऱ्या ४० कोटी टनांहून अधिक प्लॅस्टिकांत सर्व वनस्पतिज व जैवविघटनशील प्लॅस्टिकांचा एकूण वाटा शे. १ पेक्षा कमी आहे.

कच्चा माल : आज बाजारात असलेली बहुतेक वनस्पतिज प्लॅस्टिके मका, ऊस, टॅपिओका यांतील स्टार्चपासून किंवा साखरेपासून, म्हणजे खाद्य पदार्थांपासून बनतात. अन्न व प्लॅस्टिक यांची जमिनीसाठी स्पर्धा होऊ नये म्हणून शेतातील अवशेषांकडे लक्ष वळले. उसाचे चिपाड व पाचट, भाताचा पेंढा, गव्हाचे काड, कपाशीच्या पऱ्हाट्या, तुराट्या आणि मक्याची ताटे व बुरकुंडे हे यांपैकी प्रमुख होत.

या सर्वांत सेल्युलोज, हेमिसेल्युलोज व लिग्निन हे तीन घटक एकमेकांत गुंतलेले असतात. कोरड्या चिपाडात सेल्युलोज सु. शे. ४० ते ५०, हेमिसेल्युलोज सु. शे. २५ ते ३० व लिग्निन सु. शे. २० ते २५ असते. सेल्युलोज ही ग्लुकोजाच्या रेणूंची लांब साखळी असून हेमिसेल्युलोजात झायलोजासारख्या पाच कार्बन अणूंच्या शर्करा मुख्यत्वे असतात. लिग्निन या दोहोंना सिमेंटाप्रमाणे जखडून ठेवते. वनस्पती ताठ उभी राहते व सहजी कुजत नाही ती या रचनेमुळेच आणि कारखान्यातील मुख्य अडचणही तीच आहे. भाताच्या पेंढ्यात सिलिका भरपूर असल्याने यंत्रांची झीजही अधिक होते.

शेतातील अवशेष सर्वत्र टाकाऊ असतातच असे नाही. चिपाड हे साखर कारखान्याच्या बाष्पित्रांतील (बॉयलरांतील) इंधन असून त्यापासून वीजनिर्मितीही करतात. शिवाय त्याचा कागदनिर्मितीत उपयोग होतो. ते प्लॅस्टिकासाठी काढून घेऊन त्याऐवजी कोळसा जाळल्यास वातावरणाच्या दृष्टीने मिळणारा लाभ नाहीसा होतो. ज्वारीचा कडबा हा गुरांचा चारा आहे. काही अवशेष शेतातच गाडले गेल्याने जमिनीतील सेंद्रिय द्रव्य टिकून राहते. याउलट पंजाब व हरियाणात भाताच्या कापणीनंतर गव्हाच्या पेरणीस थोडेच दिवस उरत असल्याने पेंढा शेतातच जाळला जातो व त्याच्या धुराने ऑक्टोबर-नोव्हेंबरात उत्तर भारताची हवा दूषित होते. कपाशीच्या पऱ्हाट्यांचाही काही भाग सरपण म्हणून वापरला जातो, तर बाकीचा शेतात जाळतात. असे अवशेषच खऱ्या अर्थाने टाकाऊ म्हणता येतील. परंतु ते हलके, विखुरलेले व वर्षातून थोडेच दिवस मिळणारे असल्याने गोळा करणे, गठ्ठे बांधणे, वाहून नेणे व साठविणे यांचा खर्च मोठा असतो.

निर्मिती : पॉलिलॅक्टिक अम्लाची अवशेषांपासून निर्मिती चार टप्प्यांत होते. (१) पूर्वप्रक्रिया : बारीक केलेला माल सौम्य अम्ल, क्षार (अल्कली) किंवा उच्च दाबाची वाफ यांच्या साहाय्याने मोकळा करतात. तापमान फार वाढल्यास शर्करांपासून फुरफुरालासारखी संयुगे निर्माण होतात व ती पुढे किण्वनास (सूक्ष्मजीवांकडून घडून येणाऱ्या आंबण्याच्या प्रक्रियेस) बाधक ठरतात. (२) शर्करीकरण : सेल्युलेज या एंझाइमांच्या (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांच्या) क्रियेने सेल्युलोजापासून ग्लुकोज मिळवितात. (३) किण्वन : लॅक्टोबॅसिलस वा तत्सम जंतू ग्लुकोजाचे लॅक्टिक अम्ल करतात. दह्याला आंबटपणा येतो तो याच अम्लामुळे. (४) बहुवारिकीकरण : अम्लाचे दोन रेणू एकत्र येऊन लॅक्टाइड हे वलयी संयुग तयार होते, ते शुद्ध करून कथिलयुक्त उत्प्रेरकाच्या साहाय्याने वलय उघडले म्हणजे लांब साखळीचे पॉलिलॅक्टिक अम्ल मिळते.

या टप्प्यांतील घट पुढील हिशोबावरून लक्षात येईल. एक टन कोरड्या चिपाडात सु. ४०० किग्रॅ. सेल्युलोज आहे असे धरल्यास त्याचे पूर्ण विच्छेदन होऊन सु. ४४० किग्रॅ. ग्लुकोज मिळावयास हवे. त्यापैकी शे. ८० मोकळे झाले व त्याचे शे. ९० अम्लात रूपांतर झाले, तर सु. ३२० किग्रॅ. लॅक्टिक अम्ल हाती येते. बहुवारिकीकरणात पाणी निघून जात असल्याने त्यापासून जास्तीत जास्त सु. २५० किग्रॅ. प्लॅस्टिक मिळते. म्हणजे एक टन प्लॅस्टिकासाठी सु. ४ टन कोरडे चिपाड, अर्थात सु. २५ ते ३० टन उसाचे चिपाड लागते. हेमिसेल्युलोजातील शर्करा नेहमीच्या जंतूंना नीट वापरता येत नाहीत व लिग्निन तर किण्वनाला निरुपयोगीच असते. या दोहोंचा अन्य उपयोग, निदान लिग्निनाचा इंधन म्हणून उपयोग झाला नाही, तर निम्म्याहून अधिक कच्चा माल पुन्हा कचराच होतो.

किण्वनात अम्ल साचले की जंतूंची वाढ थांबते, म्हणून चुना घालून ते उदासीन करतात व नंतर सल्फ्यूरिक अम्लाने मोकळे करतात. या रूढ पद्धतीत एक टन लॅक्टिक अम्लामागे जवळजवळ एक टन जिप्सम तयार होते. ते टाळण्यासाठी कमी पीएच मूल्याला, म्हणजे आंबट द्रवातही वाढणारे किण्व (यीस्ट) व विद्युत् अपोहनासारख्या पद्धती विकसित करण्यात आल्या आहेत.

पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट व त्याच्या गटातील पॉलिएस्टरे जंतूच्या पेशीतच तयार होतात. माणसाच्या शरीरात चरबी साठते, त्याप्रमाणे भरपूर शर्करा पण अपुरे नायट्रोजन वा फॉस्फरस मिळाल्यास क्यूप्रिअव्हिडस नेकॅटर या जंतूच्या पेशींत या प्लॅस्टिकाचे कण साठतात. अनुकूल परिस्थितीत कोरड्या पेशींच्या वजनाच्या सु. शे. ८० पर्यंत त्यांचे प्रमाण जाऊ शकते. पेशी फोडून व विद्रावकाने प्लॅस्टिक वेगळे करणे हा या पद्धतीतील खर्चाचा भाग होय. ब्राझीलमधील साओ पाउलू राज्यात सेर्राना येथे एका साखर कारखान्याला जोडलेल्या प्रायोगिक संयंत्रात त्यावर उपाय योजण्यात आला. तेथे चिपाड जाळून वाफ व वीज मिळविली जाते आणि प्लॅस्टिक विरघळविण्यासाठी एथेनॉलाच्या ऊर्ध्वपातनात मिळणारी जड अल्कोहॉले वापरतात. एकाच कारखान्याच्या आवारात अवशेषांचे चक्र बसविण्याचे हे चांगले उदाहरण आहे. तथापि जंतूंचे अन्न म्हणून साखरच वापरली जाते व एक किग्रॅ. प्लॅस्टिकासाठी ती सु. ३ किग्रॅ. लागते.

स्टार्चपासूनची प्लॅस्टिके करण्याची कृती तुलनेने सोपी आहे. पाणी व ग्लिसरीन यांसह स्टार्च उष्णता व दाब देऊन मळल्यास त्याचे कण फुटतात व ते साच्यात घालता येण्याजोगे होते. नुसत्या स्टार्चची वस्तू ओलसर हवेत मऊ पडते, म्हणून त्यात विघटनशील पॉलिएस्टर मिसळतात. उसाच्या चिपाडाचा लगदा साच्यात दाबून केलेल्या ताटल्या व वाट्या यांना काही वेळा प्लॅस्टिक म्हटले जाते. प्रत्यक्षात त्या कागदाच्या जातीच्या आहेत.

गुणधर्म व उपयोग : पॉलिलॅक्टिक अम्ल पारदर्शक व ताठ पण ठिसूळ असते. ते १५०° ते १८०° से. तापमानास वितळते, मात्र ५५° ते ६०° से. या तापमानाच्या पुढे मऊ पडू लागत असल्याने, विशेष प्रक्रिया न केलेला त्याचा पेला गरम चहाला चालत नाही. थंड पदार्थांची वेष्टने, तंतू, शस्त्रक्रियेतील टाके व हाडे जोडण्याचे स्क्रू आणि त्रिमितीय मुद्रण यांसाठी ते वापरतात. स्टार्चच्या मिश्रणांचा उपयोग ओल्या कचऱ्याच्या पिशव्या व शेतात आच्छादन म्हणून अंथरावयाची फिल्म यांसाठी होतो. अशी फिल्म पीक निघाल्यावर गोळा न करता नांगरून मातीत मिसळता येते, हा तिचा विशेष फायदा आहे.

विघटन : जैवविघटनाचा वेग तापमान, ओलावा, हवा व उपस्थित सूक्ष्मजीव यांवर अवलंबून असतो. पॉलिलॅक्टिक अम्लाची साखळी प्रथम पाण्याच्या विक्रियेने तुटते व रेणू लहान झाल्यावरच सूक्ष्मजीव ते खाऊ शकतात. मऊ पडण्याच्या तापमानाजवळ ही क्रिया जलद होते, म्हणून सु. ५८° से. तापमान राखलेल्या मोठ्या कंपोस्ट संयंत्रात ते काही महिन्यांत नाहीसे होते. समुद्राच्या थंड पाण्यात मात्र वर्षभरातही त्यात फारसा फरक पडत नाही. याउलट पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेटाचे मातीत व समुद्रातही विघटन होते, कारण ते पचविणारी एंझाइमे असलेले जंतू निसर्गात सर्वत्र आढळतात.

यूरोपातील ‘ईएन १३४३२’ या मानकानुसार कंपोस्टयोग्य वेष्टनातील शे. ९० कार्बनाचे सहा महिन्यांच्या आत कार्बन डाय-ऑक्साइडात रूपांतर व्हावे लागते आणि १२ आठवड्यांनंतर २ मिमी. पेक्षा मोठे तुकडे शे. १० पेक्षा अधिक उरता कामा नयेत. ही चाचणी कंपोस्ट संयंत्रातील परिस्थितीची आहे, नाल्यातील वा समुद्रकिनाऱ्यावरील नव्हे. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कंपोस्टयोग्य पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली. पण मातीत पुरलेली तशीच पिशवी २७ महिन्यांनंतरही शिल्लक होती. ‘जैवविघटनशील’ असा शिक्का असलेल्या दुसऱ्या एका पिशवीतून तर तीन वर्षे मातीत वा समुद्रात राहिल्यानंतरही बाजारहाट करता येत होता.

नेहमीच्या पॉलिएथिलिनात कोबाल्ट, मँगॅनीज इ. धातूंची लवणे मिसळून केलेली प्लॅस्टिके उन्हाने व हवेने ठिसूळ होऊन तुकडे पडणारी असतात. त्यांना विघटनशील म्हणून विकले जात असे. परंतु त्यांपासून सूक्ष्म प्लॅस्टिक निर्माण होत असल्याने यूरोपीय संघाने जुलै २०२१ पासून त्यांवर बंदी घातली आहे.

चक्राची पूर्तता : विघटनशील वस्तू योग्य ठिकाणी पोहोचविण्याची व्यवस्था नसेल, तर तिच्या निर्मितीतील श्रम वाया जातात. पॉलिलॅक्टिक अम्लाची बाटली नेहमीच्या पेयाच्या बाटल्यांत मिसळल्यास पुनर्वापरासाठी वितळविलेले प्लॅस्टिक गढूळ व कमकुवत होते. कचऱ्याच्या ढिगात हवेविना कुजणाऱ्या स्टार्चच्या पिशवीतून मिथेन वायू निर्माण होतो व तो कार्बन डाय-ऑक्साइडापेक्षा वातावरण अधिक तापवितो. तोच वायू बंद संयंत्रात साठविल्यास इंधन म्हणून उपयोगी पडतो.

इटलीतील मिलान शहराने ही व्यवस्था पद्धतशीरपणे उभी केली. देशात विघटनशील नसलेल्या हातपिशव्यांवर २०११ पासून बंदी आली व २०१२ ते २०१४ या काळात सु. १४ लक्ष वस्तीच्या या शहरात घरोघरचा अन्नकचरा वेगळा गोळा करण्यास टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली. तो कंपोस्टयोग्य पिशव्यांत भरून दिला जातो व त्यापासून वायू आणि खत मिळवितात. दुकानातून भाजी आणलेली पिशवीच कचऱ्याची पिशवी होते. येथे प्लॅस्टिकाचे खरे काम अन्नकचरा स्वच्छपणे संयंत्रापर्यंत नेणे हे असून त्याचे स्वतःचे कुजणे हे त्या कामाचे अंग आहे.

भारत : मुंबईत २६ जुलै २००५ रोजी झालेल्या अतिवृष्टीत तुंबलेल्या नाल्यांस पातळ पिशव्याही कारणीभूत असल्याचे दिसून आल्यावर महाराष्ट्रात त्यांवर निर्बंध आले व मार्च २०१८ मध्ये राज्य शासनाने अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी घातली. रोपवाटिका, शेती व घनकचऱ्याची हाताळणी यांसाठीच्या कंपोस्टयोग्य पिशव्यांना तीतून सूट देण्यात आली. देशभर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या काही वस्तूंवर बंदी असून कंपोस्टयोग्य प्लॅस्टिकाच्या वस्तूंना ती लागू नाही. मात्र त्यांनी ‘आयएस/आयएसओ १७०८८’ या मानकाची पूर्तता करणे व केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घेणे आवश्यक आहे.

हरियाणातील पानिपत येथे १० ऑगस्ट २०२२ रोजी उद्घाटन झालेला कारखाना वर्षाला सु. २ लाख टन भाताच्या पेंढ्यापासून सु. ३ कोटी लि. एथेनॉल मिळविण्यासाठी उभारला आहे. त्याचे तंत्र पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीज या कंपनीचे आहे. पेंढ्यापासून शर्करा मिळविण्याचे टप्पे एथेनॉल व प्लॅस्टिक या दोहोंत सारखेच असल्याने तेथील अनुभव प्लॅस्टिकनिर्मितीसही उपयुक्त आहे. याच कंपनीने पुणे जिल्ह्यातील जेजुरी येथे २०२४ मध्ये पॉलिलॅक्टिक अम्लाच्या निर्मितीचे प्रात्यक्षिक संयंत्र सुरू केले. उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरी जिल्ह्यातील कुंभी येथे साखर कारखान्यास जोडून या प्लॅस्टिकाचा मोठा कारखाना उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. त्याचा कच्चा माल मात्र साखर हाच आहे. अवशेषांपासून शर्करा मिळविणे साखरेपेक्षा स्वस्त होत नाही, तोपर्यंत उद्योगांचा कल असाच राहणे स्वाभाविक आहे.

ओला व सुका कचरा घरातच वेगळा करणे २०१६ च्या घनकचरा नियमांनी बंधनकारक झाले. जेथे हे वर्गीकरण नीट होते व ओला कचरा कंपोस्ट अथवा वायू संयंत्रात जातो, तेथे कंपोस्टयोग्य पिशवी उपयोगी ठरते. इतरत्र तिच्यात व साध्या पिशवीत नाल्याच्या दृष्टीने फारसा भेद उरत नाही. म्हणून जैवविघटनशील प्लॅस्टिकांचा प्रसार हा नवीन पदार्थाच्या शोधाइतकाच शेतातील अवशेष गोळा करण्याच्या आणि शहरातील कचरा वेगळा करण्याच्या व्यवस्थेवर अवलंबून आहे.